डबा नेहमी शेवटी

वहिनींच्या धुलाईच्या दुकानाला मागचं एक दार आहे. त्या दाराबाहेर, नळाच्या शेजारी, भिंतीतल्या खिळ्याला एक चौकोनी पत्र्याचा डबा उलटा टांगलेला असतो. कोपरे पोचलेले, रंग कुठे लाल आणि कुठे नुसता गंज, पण झाकणाच्या आतली रबरी चकती मात्र कायम नवी. गरम पाण्याची जुनी पिशवी कापून वहिनी त्या चकत्या स्वतः करतात. एखादं नवखं गिऱ्हाईक विचारतं, "या डब्यात काय ठेवता?" वहिनी इस्त्री न थांबवता म्हणतात, "सध्या हवा. सहलीला निघालो की पेट्रोल."

वहिनी कोणाची वहिनी, हे आता कोणी विचारत नाही. खरी वहिनी त्या एकीच्याच, म्हणजे नणंदबाईंच्या. पण नणंदबाईंनी हाक मारली, ती दाताच्या डॉक्टरांनी उचलली, डॉक्टरांची बेकरीवाल्यांनी उचलली, आणि बघता बघता सगळ्या गल्लीची वहिनी झाली. एकच माणूस त्यांना वहिनी म्हणत नाही. तो त्यांचा नवरा, आणि त्याला सगळे मास्तर म्हणतात, कारण तो गाडी शिकवण्याची शाळा चालवतो.

मास्तरांच्या शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकाऊ माणूस बावचळला की मास्तर शांतपणे तो दाबतात. धंदा म्हणून हे ठीक आहे, पण माणसाला सवय लागते. दुसऱ्याच्या गाडीत बसले तरी त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो. पाहुण्यांच्या गाडीतली चटई त्यांनी एकदा फाडली आहे. अशा माणसानं मोटारसायकलींच्या रांगेत दुसऱ्या कोणाच्या मागे चालावं, ही कल्पनाच कोणी कधी केली नव्हती. त्यामुळे सहल ठरायला लागली तेव्हापासून पुढे मास्तर, मध्ये बेकरीवाले, डॉक्टर आणि नणंदबाई, आणि सगळ्यांत शेवटी डबा घेऊन वहिनी.

सहल दरवर्षी एकच. गावाबाहेरचा घाट चढायचा, वर लांबच लांब ओसाड पठार ओलांडायचं आणि पलीकडे समुद्राकाठच्या दीपगृहापाशी मुक्काम करायचा. पठाराच्या तोंडाशी पेट्रोलचा एक पंप आहे. त्यानंतर थेट दीपगृहाच्या पायथ्याशी दुसरा. मधे दगड, गवत आणि वारा. फोनलासुद्धा तिथे कोणी भेटत नाही. नेमस्त चालवली तर भरल्या टाकीत एवढं अंतर निघतं. पण डॉक्टर दवाखान्यात दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात वाकून असतात, म्हणून मोकळा रस्ता दिसला की त्यांचा हात सुटतो. बेकरीवाले पाव आणि बिस्किटं एवढी लादून घेतात की त्यांची गाडी चढावर धापा टाकते. आणि नणंदबाई, ज्या शाळेत चित्रकला शिकवतात, त्यांच्या गाडीचा काटा कायम निम्म्यावर चिकटलेला, आणि त्यांचा त्या काट्यावर गाढ विश्वास. तेव्हा दरवर्षी पठारावर कोणाची ना कोणाची गाडी आचके देऊन थांबते.

म्हणून डबा शेवटी. यात शास्त्र आहे. थांबलेला माणूस नुसता थांबून राहिला तरी डबा मागून त्याच्यापाशी येतोच. डबा पुढे गेला असता तर हा इथे हॉर्न वाजवत बसला असता आणि डबा दीपगृहाखाली चहा पीत बसला असता. वहिनी मागून येत, गाडी उभी करत, थांबलेल्याला आधी खाली उतरवत, इंजिन निवू देत, मग फडकं लावलेल्या नरसाळ्यातून बेताचं पेट्रोल ओतत. ओतताना ठरलेला प्रश्न विचारत, "काय, निघताना जेवायला घातलं नव्हतं का गाडीला?" आणि झाकण लावून झालं की ठरलेलं वाक्य म्हणत, "व्हा पुढे. मागे मी आहे."

बाकी उपदेश फुकट असे. डबा काठोकाठ भरू नये, उन्हानं पेट्रोल फुगतं आणि वाट काढतं. टाकीखालच्या चावीवर चालू, बंद आणि रिझर्व्ह अशा तीन खुणा असतात. गाडी रिझर्व्हला, म्हणजे तळाच्या राखीव पेट्रोलवर, लागली, पंपावर जाऊन टाकी भरली, की चावी पुन्हा चालूवर आणायची. नाहीतर पुढच्या वेळी गाडी इशारा देत नाही, शेवटच्या थेंबापर्यंत इमानानं चालते आणि मग एकदम पाठ फिरवते. हे शेवटचं वहिनींनी सगळ्यांना इतक्या वेळा सांगितलं होतं की डॉक्टर ते त्यांच्या आवाजात म्हणून दाखवत.

शेवटच्या गाडीचे दोन नियम होते. एक, भर उन्हातही पुढचा दिवा लावलेला ठेवायचा, म्हणजे रांगेचं शेपूट आलं की नाही हे पुढून कळतं. दुसरा नियम असा कोणी केला नव्हता, तो आपोआप झाला. वहिनींच्या गाडीचा आरसा फार पूर्वी पडून फुटला. मास्तर म्हणाले, नवा लावून देतो. वहिनी म्हणाल्या, "शेवटच्याला आरसा कशाला? मागे आहे कोण बघायला?" त्यावर सगळे हसले आणि आरसा राहिला तो राहिलाच. त्या गाडीवरून वहिनी गल्लीतून दुकानापर्यंत जात आणि सहलीला जात. गल्लीत मागून कोण येतंय हे त्यांना वासावरून कळतं, असं बेकरीवाले म्हणत. त्यात फार खोटं नव्हतं. आयुष्य डाग काढण्यात गेल्यावर नाक तयार होतं.

आता दीपगृहाचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. ते लांबून दिसत नाही. पठार संपता संपता रस्ता एका टेकाडाला वळसा घालतो आणि वळसा संपला की समोर एकदम समुद्र आणि त्यावर पांढरं दीपगृह. ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं लांब हॉर्न वाजवायचा, हा रिवाज. तो हॉर्न आजवर मास्तरांनी वाजवला. वहिनी वळसा घालून येत तेव्हा चौघं गाड्या लावून, हेल्मेटं काढून, दीपगृहाकडे पाठ करून पाव खात उभे असत. "दिसलं, दिसलं," असं त्यांना सांगण्यात येई. दरवर्षी वहिनींच्या वाट्याला धूळ, चार धुराडी आणि कोणी तरी आधीच बघून टाकलेलं दीपगृह.

एका संध्याकाळी बेकरीच्या मागच्या खोलीत, पिठाच्या पोत्यांवर बसून, सहलीची बोलणी चालली होती. वहिनी एकदम म्हणाल्या, "या खेपेला पुढे मी."

"पुढे म्हणजे?" मास्तर म्हणाले.

"पुढे म्हणजे पुढे. तुमच्याही."

बेकरीवाल्यांनी बिस्किटांचा ट्रे उगाचच झाकला. नणंदबाई वहिनींच्या बाजूनं काहीतरी बोलणार होत्या, पण भावाचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं.

"आणि डबा?" मास्तरांनी विचारलं.

"डबा कोणीही घ्या."

हे ऐकताच प्रत्येकाला काही ना काही आठवलं. डॉक्टरांची कंबर धरली होती. बेकरीवाल्यांच्या गाडीवर जागाच नव्हती. नणंदबाईंना पेट्रोलच्या वासानं मळमळतं, हे त्या दिवशी प्रथमच बाहेर आलं. मास्तर तर मागे जाणं म्हणजे काय हेच विसरलेले. वहिनींना याची कल्पना होती. त्यांनी पिशवीतून पत्र्याच्या बाटल्या काढून पोत्यावर मांडल्या. प्रत्येकाला एक. "आपापलं पेट्रोल आपण बाळगायचं. संपलं तर आपलं आपण ओतायचं. मग डबाही नको आणि शेपूटही नको."

मास्तरांनी बाटलीचं झाकण फिरवून बघितलं. मग म्हणाले, "ठीक. पण एक अट. डबा मागे नाही म्हणून कोणाचीही गाडी रस्त्यात अडकून पडली, तर पुढच्या वर्षापासून डबा शेवटी आणि डब्याबरोबर तू. परत हा विषय काढायचा नाही."

"कबूल," वहिनी म्हणाल्या. त्यांना तेव्हा डॉक्टरांचीच धास्ती होती. स्वतःची गाडी त्यांच्या हिशेबातच नव्हती, कारण ती आजवर कधी कोरडी पडली नव्हती. ही गोष्ट त्या लग्नकार्यातसुद्धा लोकांना सांगत.

निघायच्या सकाळी मास्तर गप्प गप्प होते. त्यांच्या गाडीवर मागे रेनकोटात गुंडाळलेलं मोठं गाठोडं होतं. आभाळ तर स्वच्छ होतं. वहिनींना वाटलं, रागानं चार कपडे जास्तच कोंबले असतील. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर पुढे जायचं राहिलं असतं आणि भांडणच झालं असतं.

पठाराच्या तोंडाशी पोचेपर्यंत घाट चढून वहिनींची गाडी रिझर्व्हला लागली होती. पंपावर त्यांनी टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली, आणि नेमके तेव्हाच डॉक्टर कानकोंडे होऊन समोर आले. बाटली दवाखान्यात राहिली होती, हत्यारांच्या शेजारी.

"कमाल आहे तुमची," वहिनी म्हणाल्या. "ही माझी घ्या. मला काय करायचीय?"

"वहिनी, आणि तुमची संपली तर?"

"माझी संपते का कधी?" असं म्हणत त्यांनी बाटली डॉक्टरांच्या पिशवीत घातली, हातमोजे चढवले आणि किक मारली. नंतर त्यांनी मान्य केलं की त्या क्षणी त्यांना डोळ्यांसमोर फक्त रस्ता दिसत होता.

आणि रस्ता तसा होताच. समोर कोणी नाही. धूळ नाही, धूर नाही, लाल दिवे नाहीत. गवत दोन्हीकडे वाऱ्यानं आडवं होत होतं आणि मधून काळी रेघ सरळ गेलेली. वहिनी मोठ्यानं गाऊ लागल्या. त्यांना गाता येत नाही, पण ऐकायला होतं कोण? रांगेत पुढे असणाऱ्याला वारा अंगावर घ्यावा लागतो, हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्या मूठ आणखी पिळत गेल्या. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चालीनं चाललेली बाई आपल्या चालीनं निघाली होती. मागे काय चाललंय ते कळायला आरसा नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते त्या दिवशी नकोही होतं.

टेकाड लांबून दिसू लागलं तेव्हा गाडीनं एक आचका दिला. वहिनी हसल्या. रिझर्व्हला लागली असेल. चालत्या गाडीवर हात खाली घालून त्यांनी चावी फिरवायला बोटं लावली, आणि चावी आधीच फिरलेली. रिझर्व्हवरच. पंपावर डॉक्टरांना बाटली देण्याच्या नादात ती मागे आणायची राहून गेली होती. गाडीनं आणखी दोन आचके दिले आणि शहाण्यासारखी रस्त्याच्या कडेला जाऊन गप्प झाली.

वहिनींनी टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. मग गाडी हलवून कान लावला. आत काहीही वाजलं नाही. त्या रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

आधी त्यांना नुसती लाज वाटली. वर्षानुवर्षं सगळ्यांना जे सांगितलं, तेच आपल्या हातून घडावं, आणि तेही टेकाड डोळ्यांसमोर असताना. आता मास्तरांची अट लागू. पुढच्या वर्षी पुन्हा धूळ, पुन्हा धुराडी, पुन्हा कोणी तरी बघून टाकलेलं दीपगृह. मग हळूहळू लाज मागे पडली आणि दुसरंच काही वाटू लागलं. मागून कोणीच येत नव्हतं. रस्ता रिकामा. वाऱ्याचा आवाज तेवढा. डॉक्टर पडले तर नसतील? नणंदबाईंचा काटा? आणि हे, रागाच्या भरात माघारी तर गेले नसतील? इतक्या वर्षांत वहिनी नेहमी पोचणाऱ्यांतल्या होत्या. वाट बघणाऱ्याला काय काय सुचतं, हे त्यांना त्या दगडावर बसून कळलं. दरवेळी आपण मागून आल्यावर त्या चेहऱ्यांवर एवढा आनंद का असायचा, तेही कळलं. त्यांना तो आपल्या विनोदाचा वाटत आला होता.

शेवटी लांबून आवाज आला आणि वहिनींचा जीव भांड्यात पडला. सगळ्यांत आधी नणंदबाई आल्या. वहिनींना रस्त्याकडेला बघून त्या इतक्या चकित झाल्या की थांबायच्या आधी थोड्या पुढेच गेल्या.

"वहिनी, तुम्ही?"

"मीच. तुमची बाटली आहे का?"

नणंदबाईंनी मान खाली घातली. बाटली त्यांनी पठार सुरू होताच टाकीत ओतून टाकली होती. काटा निम्म्यावर होता, पण बाटली जवळ आहे म्हटल्यावर त्यांना उगाच भीती वाटायला लागली. मागून बेकरीवाले आले. त्यांची बाटली ओझ्यापायी कामाला आली होती. डॉक्टर आले. त्यांनी वहिनींची बाटली कधीच पिऊन टाकली होती, आणि वरून बेकरीवाल्यांच्या बाटलीतलाही घोट घेतला होता. उशीर झाला तो या ओताओतीनंच. नरसाळं तिघांपैकी कोणीच आणलं नव्हतं. पावाच्या कागदाची पुंगळी करून काम भागवलं होतं. तिघं वहिनींभोवती उभे राहिले. हसावं की हळहळावं ते कोणालाच ठरवता येईना. शेवटी डॉक्टरांनी तोंड उघडलं.

"काय वहिनी, निघताना जेवायला घातलं नव्हतं का गाडीला?"

त्यावर पहिल्या वहिनीच हसल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी हातमोज्यानं पुसलं. "मास्तर कुठायत?" त्यांनी विचारलं.

"येतायत," बेकरीवाले म्हणाले. "सगळ्यांत मागे आहेत. सकाळपासून तिथेच चिकटलेत. आम्ही थांबलो की ते थांबतात. म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, तर नाही म्हणाले."

वहिनींनी रस्त्याकडे पाहिलं. लांब एक ठिपका होता, आणि भर उन्हात त्या ठिपक्याला दिवा लावलेला होता.

मास्तर आले, गाडी उभी केली, आणि त्यांनी काही बोलायच्या आधी वहिनींचं नाक वर झालं. त्या उठून थेट त्या रेनकोटाच्या गाठोड्यापाशी गेल्या. वास तिथूनच येत होता.

"काठोकाठ भरलात ना?" वहिनी म्हणाल्या.

"थोडं सांडलं," मास्तर म्हणाले.

"रेनकोट गेला. हा डाग माझ्याच्यानंही निघायचा नाही."

मास्तरांनी रेनकोट सोडला. आत, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आडवा उभा बांधलेला, पोचलेल्या कोपऱ्यांचा तो लाल डबा होता. आदल्या संध्याकाळी वहिनी बांधाबांधीत असताना त्यांनी तो दुकानामागच्या खिळ्यावरून काढून नेला होता. नरसाळंही होतं, आणि फडकंही. मग मास्तरांनी डब्याचं झाकण उघडलं. दिवसभरात ते पहिल्यांदाच उघडलं गेलं.

पेट्रोल ओतताना वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "अट हरले मी. पुढच्या वर्षी डबा माझ्याकडे."

"कशी काय हरलीस?" मास्तर नरसाळ्यावरून नजर न काढता म्हणाले. "डबा मागे नाही म्हणून कोणी अडकलं तर, असं ठरलं होतं. डबा मागे होता."

वहिनींनी हातमोज्यानं टाकीवरचा थेंब पुसला.

"तुम्हाला मागे जमलं?" त्यांनी विचारलं.

"नाही जमलं. पाय दुखायला लागला ब्रेक दाबून दाबून, तुमच्या सगळ्यांच्या गाड्यांचे." मास्तरांनी झाकण लावलं आणि हात पुसले. "आणि धूळ किती असते गं मागे. तू कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर काय केलं असतं?"

मास्तरांनी गाडीच्या बॅगेतून पाना काढला आणि आपल्या हँडलवरचा आरसा सोडवायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, "अहो मास्तर, हे काय?" पण मास्तर वाकून पानाच फिरवत राहिले. आरसा निघाल्यावर त्यांनी तो वहिनींच्या गाडीवर, जिथे इतकी वर्षं नुसतं भोक होतं, तिथे बसवला. दोन्ही गाड्या एकाच बनावटीच्या, त्यामुळे आटे नीट जुळले.

"अहो, आणि तुम्हाला?"

"शेवटच्याला आरसा कशाला?" मास्तर म्हणाले. मग घसा साफ करून, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही एवढ्याच आवाजात पुढे म्हणाले, "दर सहलीला याच आरशात तुझा दिवा बघत आलोय मी. दिसेनासा झाला की सावकाश व्हायचो. पुढच्याला हा लागतो."

वहिनी गाडीवर बसल्या. चावी चालूवर आहे ना, हे त्यांनी दोनदा बघितलं आणि तिघांनीही ते बघताना त्यांना बघितलं. मास्तरांनी पाठीवर हलकी थाप दिली. "हो पुढे," ते म्हणाले. "मागे मी आहे."

या खेपेला वहिनी गायल्या नाहीत. टेकाड जवळ आलं, रस्ता वळला, आणि वळत राहिला, आणि मग एकदम समोर समुद्र उघडला. त्यावर पांढरं दीपगृह, अजून कोणीही न बघितलेलं. वहिनींनी हॉर्नवर अंगठा ठेवला आणि तो उचललाच नाही. हॉर्न इतका लांबला की मागे बेकरीवाल्यांना वाटलं बटण अडकलं.

मग त्यांनी आरशात पाहिलं. डॉक्टर, बेकरीवाले, नणंदबाई एकामागून एक वळसा घालून आले. त्यानंतर थोडा वेळ आरशात नुसता रस्ता होता. वहिनींनी मूठ सैल केली आणि गाडी सावकाश केली. मग टेकाडाआडून दिवा आला.

डबा आता सहलीहून आल्यावर मास्तर धुतात आणि खिळ्याला टांगतात. पेट्रोल किती भरायचं, ते अजून त्यांना दरवर्षी सांगावं लागतं.